पाच पायऱ्यांचे कुंड

नाशिक, ता. ४ नोव्हेंबर १९३७

श्रीयुत प्रो. मोरेश्वरराव साठये यांस,

नमस्कार लिहितो. कुशल विचारण्याचा अधिकार मी दोन वर्षांपूर्वी गमावला असल्यामुळे ते विचारीत नाही. हे पत्र केवळ कामाचे आहे व ते आपण कामाचे म्हणूनच वाचावे.

नवे मंत्रिमंडळ आल्यापासून खेड्यांतील पिण्याच्या पाण्याविषयी वरून वारंवार विचारणा होत आहे. आमच्या लोकल बोर्डापुढे ता. १४ फेब्रुवारीस एक ठराव यावयाचा आहे. देवळ्याच्या अंगाच्या बावीस गावांत अद्याप पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरतात आणि त्याच गावांत नारू घरोघर आहे. या बावीसही बारवांच्या पायऱ्या बुजवून वर रहाट बसवावेत, असा ठरावाचा मसुदा मी बोर्डाचा सेक्रेटरी या नात्याने तयार केला आहे. तो फेटाळला गेल्यास विषय तीन वर्षे पुन्हा आणता येत नाही, असा नियम आहे. तीन वर्षांत त्या गावांतील किती माणसे पायातून किडा काडीवर गुंडाळीत अंथरुणावर पडतील, हे मजपेक्षा आपण अधिक जाणता.

विद्यापीठाच्या अनुदानावर आपण करंजओहोळच्या बारवेत तीन वर्षे पाण्यातील पिसवा मोजल्या. ज्याच्या पायाला नारू आहे तो पाण्यात उतरतो, किड्याची पिल्ले पाण्यात सुटतात, पिसवा ती खातात, आणि त्या पिसवांसकट पाणी पिणाऱ्याच्या पायातून वर्षाने नवा किडा निघतो. ही साखळी आपल्या आकड्यांइतकी स्पष्ट कोणी दाखविलेली नाही. ते आकडे मला हवे आहेत.

आपला तो चौसष्ट पानी अहवाल १९३५ च्या मार्चमध्ये माझ्याकडे आला होता व एप्रिलमध्ये ‘योग्य मार्गाने न आल्यामुळे परत’ असा शेरा मारून धाडला गेला होता, हे मी विसरलेलो नाही. शेऱ्याखालील सही माझी आहे. नियम तसा होता. त्यावर आपण जूनमध्ये वृत्तपत्रात माझ्या नावानिशी जे लिहिले, त्याचीही मला आज तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. त्या जुलैमध्ये आपल्या भगिनीच्या दुखण्याचे माझे पत्र आपल्या हाती उशिरा पडले, यास टपालाचा विलंब कारण झाला. आपण नाशिक रोडला उतरलात तेव्हा सर्व आटोपले होते, आणि आपण गोदेवर स्नान करून, माझ्या घरची पायरी न चढता परत गेलात. त्याविषयी अधिक लिहिणे या पत्रात उचित नव्हे.

उत्तराची अपेक्षा करतो.

आपला,
नरहर बाळकृष्ण गर्गे


नाशिक, ता. २१ नोव्हेंबर १९३७

श्रीयुत मोरेश्वरराव यांस,

आपले आकडे रजिस्टर टपालाने मिळाले. सोबतच्या कार्डावर ‘खाजगी मजकूर नको’ ही सूचना आहे. ती मान्य आहे.

चौसष्ट पानांची मी तीन पाने केली आहेत. ती तपासण्यासाठी पाठवीत आहे. आपणांस संताप येईल हे गृहीत धरूनच सांगतो, आमच्या सभासदांत चौसष्ट पाने वाचणारा एकही नाही आणि तीन पाने वाचणारे पाच आहेत. शिवाय आपण ‘संभवते’ हा शब्द सात ठिकाणी वापरला आहे. संशोधकाच्या लेखी ते प्रामाणिकपणाचे लक्षण असेल. सभासदाला मात्र ‘संभवते’ म्हटले की ‘नाही’ असे ऐकू येते. सातांपैकी पाच ठिकाणी मी ‘दिसून आले’ असे केले आहे. दोन तशीच ठेवली. जिथे हे आपल्या विवेकास पटणार नाही तिथे तांबड्या शाईने खोडावे. आपण खोडलेले मी पुन्हा लिहिणार नाही.

आता अडचणीचा मुद्दा. १९३४ मध्ये आपण करंजओहोळच्या बारवेच्या पायऱ्या भिंत घालून बंद केल्या व वर रहाट बसविला. आठ महिन्यांत पिसवा जवळजवळ नाहीशा झाल्या. नोव्हेंबरात भिंतीस भगदाड पडलेले आढळले आणि आकडे पुन्हा चढले. आपल्या अहवालात त्याचे कारण ‘ग्रामस्थांचे अज्ञान’ असे आहे. आमच्या ओव्हरसियरच्या टिपणात ‘चुन्यातील दोष’ असे आहे, म्हणजे मिस्त्री आपण नेमलेला असल्याने दोष आपला. विरोधक सभेत एवढेच विचारतील की, एक भिंत टिकली नाही, बावीस कशा टिकतील? याचे उत्तर माझ्याजवळ नाही आणि आपल्या पानांतही नाही.

म्हणून पुढील पंधरवड्यात मी स्वतः करंजओहोळला जाणार आहे. सोबत निसार मिस्त्रींना नेतो. ती भिंत त्यांनीच बांधली होती. चुन्याला दोष दिल्यापासून ते मला रस्त्यात सलाम करीत नाहीत. परवा निरोप धाडला, तर उत्तर आले, ‘येतो. साहेबांच्या ओव्हरसियरला चुना म्हणजे पानाला लावायचाच ठाऊक आहे.’

आपला,
न. बा. गर्गे


नाशिक, ता. १२ डिसेंबर १९३७

श्रीयुत मोरेश्वरराव यांस,

आपली खाजगी मजकुराविषयीची सूचना मी आज मोडीत आहे. कामाचा मजकूर आणि खाजगी मजकूर करंजओहोळात एकाच ठिकाणी सापडला. त्याला माझा इलाज नाही.

नाशकाच्या द्वारका नाक्यावरून सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघालो. दौऱ्याची पेटी एप्रिल १९३५ नंतर मी उघडली नव्हती. मोटारीत रुमालासाठी उघडली. त्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती आणि तिच्याखाली चार काठ शिवलेला दुहेरी मलमलीचा एक चौकोन. तो कशाचा, हे मला त्या वेळी कळले नाही. पेटी बंद केली.

बारवेवर प्रथम निसार मिस्त्री उतरले. भगदाडाच्या कडा त्यांनी बोटांनी चाचपल्या आणि खालूनच ओरडले, “साहेब, चुना अजून दगडाला सोडायला तयार नाही! हे पहारीचं काम आहे. आणि शहाण्या माणसाचं. एक दगड फुटलेला नाही, सगळे बाजूला रचून ठेवलेत.”

पुंजा पाटील जवळच उभे होते. त्यांना विचारले. ते म्हणाले, “कोन फोडील, साहेब? गुरं धडकली असतील.” गुरे दगड रचून ठेवीत नाहीत, असे मी म्हटले. पाटलांनी पागोटे सारखे केले व कांद्याच्या रोपांविषयी बोलू लागले.

तेव्हा काठावर कळशी घासत बसलेली एक म्हातारी मोठ्याने हसली. तिचे नाव कुसाबाई. गावची सुईण. तिची बोली त्या बाजूची आहे; जशी ऐकली तशी लिहितो.

“पाटीलले काय इचारतस? त्यानी तोंडमा मूग शेतस. भिंत आम्हीच फोडी.”

“आम्ही म्हणजे कोण?”

“बाया. मी, मनी सून, आनखी पाच-सात जनी. बाळंतीनले सव्वा महिना झाया का ती पानी पुजस. पाची पायऱ्या उतरीसन पानीमा पाय टाकस, पाच ओंजळ पानी देस. मंगच ती घरनं पानी भरस. तुम्ही पायऱ्याच बुजी टाक्यात, मंग तिनी जावानं कोठे? रहाटवर चढीसन बसानं का?”

मी म्हटले, हे आधी का सांगितले नाही?

“तुम्हीन इचारं कोनले? मानसेसले. पानी कोन भरस?”

मोरेश्वरराव, आपण तीन वर्षे तिथे गेलात. मी सेक्रेटरी म्हणून चार वेळा गेलो. आपण पाणी विचारलेत, मी पाटलांना विचारले. बाळंतिणीसाठी केलेल्या वाटेने पुढे सारे गावच उतरू लागले, नारूचे पायही उतरले, आणि आपण त्याला अज्ञान म्हटलेत व आम्ही चुना म्हटले.

याच्या पुढचे लिहिणे अवघड आहे, पण लिहितो. कुसाबाई मला निरखून, आपल्या शेजारची जागा दाखवीत म्हणाली, “तुमनी बाई आठेच बसेल व्हती. तिले तर मी समदं सांगं. तिनी सांगं नही का तुमले?”

सांगितले होते. एप्रिलच्या ज्या दौऱ्यात आपली भगिनी माझ्यासोबत आली होती, त्याहून परतल्यावर पानावर बसलो असता ती म्हणाली होती, “भिंतीचं कारण मला कळलंय. दादाला आणि तुम्हांला दोघांनाही सांगायचंय.” मी म्हणालो, “खात्याचे विषय पानावर नकोत.” ती ताक वाढून आत गेली. पुढच्या आठवड्यात मी आपला अहवाल परत धाडला. तो महिनाभर माझ्या मेजावर पडून होता. मी तो वाचला नव्हता. तिने वाचला होता, हे आता कळते. कारण कुसाबाईने घरातून आणून मला एक मलमलीचा चौकोन दाखविला. चार काठ शिवलेला, दुहेरी. तसेच सात घरांना दिले होते. “कळशीना तोंडले बांधानं नि पानी गाळानं, आशी बोलनी ती. आमनं घरमा दोन वरीसथून नारू नही.” सात घरे म्हणजे पुरावा नव्हे, असे आपण म्हणाल. मान्य आहे. मी फक्त कळवीत आहे.

एक प्रश्न विचारतो. ‘दादाला सांगायचंय’ असे ती म्हणाली होती. तिने आपणांस लिहिले होते काय?

आपला,
न. बा. गर्गे


नाशिक, ता. ९ जानेवारी १९३८

मोरेश्वरराव यांस,

आपले पत्र पोहोचले. तिने लिहिले होते, आणि आपण उत्तर दिले होते की, ‘तू घर सांभाळ, भिंतीचे आम्ही पाहू.’ हे आपण मला लिहून कळविले नसते तरी चालले असते. आपण कळविले. तेव्हा मलाही एक गोष्ट दुरुस्त करणे भाग आहे.

टपालाला विलंब झाला नव्हता. माझ्या पहिल्या पत्रात मी असत्य लिहिले. तापाच्या सहाव्या दिवशी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, “भावाला तार करा.” वृत्तपत्रातील आपल्या मजकुराला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. तार करणे म्हणजे आपल्यापुढे हात पसरणे, असे मला वाटले. मी वाट पाहिली. नवव्या दिवशी कार्ड टाकले. त्यावर लिहिले, ‘प्रकृती ठीक नाही, सवड असल्यास यावे.’ अकराव्या दिवशी ती गेली. त्या दिवशी सकाळी तिने दोनदा विचारले, “दादाची गाडी किती वाजता?” मी म्हणालो, “येईलच.” टपाल आपल्या वेळेवर आले व गेले. उशीर मी केला.

याचे उत्तर मी मागत नाही. आपण यापुढे लिहिले नाही तरी ते मी रास्त समजेन. पण ठरावाचे काम थांबवू नये, एवढे सांगतो, कारण ते आता आपल्या दोघांचेही राहिलेले नाही.

काम असे आहे. कुसाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे पाय पाण्यात पडले पाहिजेत. पाणी बारवेतले असावे, पण बारवेतच पाय पडावेत असे नाही. मी दोनदा विचारून घेतले. निसार मिस्त्रींनी तिथेच मातीवर काडीने रेघा ओढल्या. रहाटाच्या शेजारी पाच पायऱ्यांचे लहान दगडी कुंड. रहाटाने ओढलेले पाणी त्यात पडावे. कुसाबाईंनी रेघांवर पाय ठेवून पायऱ्या मोजल्या आणि म्हणाल्या, “चवथी जराशी रुंद करा. अंग हलकं व्हयेल बाईना तोल जास.” हे मला सुचले नसते. आपणांसही नाही. या कुंडात पुन्हा पिसवा होऊ नयेत म्हणून काय केले पाहिजे, ते आपण सांगावे. मी ते अटीच्या स्वरूपात ठरावात घालतो. परतीच्या टपालाने कळवावे.

सभेस आपण जातीने उपस्थित राहावे अशी माझी इच्छा आहे. आग्रह करण्याचे तोंड मला नाही.

आपला,
नरहर


नाशिक, ता. १६ फेब्रुवारी १९३८

मोरेश्वरराव,

जानेवारीच्या माझ्या पत्रावर आपण चारच ओळी लिहिल्यात आणि चारही कुंडाविषयी. ‘पाणी चोवीस तासांहून अधिक साचू नये. तळाला उतार द्यावा. सांडपाणी बारवेकडे परतू नये. परीक्षांमुळे येणे अशक्य.’ तरीही तीन पाने आपल्या सहीने परत आली आणि तांबडी शाई एकाच ठिकाणी होती. उरलेल्या दोन ‘संभवते’पैकी एक आपण स्वतः खोडला होता. सभेच्या सकाळी मी ते पान चार वेळा पाहिले.

आता वृत्तांत देतो.

आपली पाने मी वाचून दाखविली. मग मालेगावकडचे सभासद हबीबशेठ, ज्यांचे मागांचे मोठे कारखाने आहेत, हसत म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, हे प्रोफेसर तुमचे सख्खे मेहुणे ना? घरचा माल बोर्डाच्या गळ्यात घालताय काय?”

सारे हसले. मी उभा राहिलो. “होय, सख्खे मेहुणे. पण गेली अडीच वर्षे आमचे बोलणे नाही. तेव्हा संगनमताचा आरोप टिकणार नाही.”

याहून मोठा हशा झाला, आणि सर्वांत मोठ्याने हबीबशेठ हसले. ते गंभीर झाले आणि म्हणाले, “मग त्यांचं खरं असलं पाहिजे. मेव्हणा बोलत नसून बाजू घेतो म्हणजे बाजूच खरी.”

विरोध दुसरीकडून आला. एक जुने सभासद म्हणाले, “भिंत अडाणी बायकांनी फोडली हे सेक्रेटरीच सांगतात. उद्या बावीस ठिकाणी फोडतील.” यावर मी अध्यक्षांची परवानगी घेऊन कुसाबाईंना आत बोलाविले. त्या निसार मिस्त्रींबरोबर पहाटेच्या मोटारीने आल्या होत्या. काही सभासदांनी हरकत घेतली की, बाईमाणसाने सभेत बोलण्याचा नियम नाही. मी नियमांचे पुस्तक काढून दाखविले की, तज्ज्ञ साक्षीदारास बोलावता येते आणि तज्ज्ञ पुरुषच असावा असे कलम नाही. नियम आयुष्यभर पाळल्याचा मला त्या दिवशी प्रथमच उपयोग झाला.

अध्यक्षांनी खुर्ची देवविली. त्या बसल्या नाहीत. त्यांना विचारले, भिंत पुन्हा फोडाल का?

“फोडसूत ना!” त्या म्हणाल्या. सभासद एकमेकांकडे पाहू लागले. “नुसती बंद करशात तर रातमाजार फोडसूत. पन या मिस्तरीनी पाच पायऱ्यासनं कुंड काढेल शे. ते बांधशात तर भिंतले हात लावनारीना हात मीच मोडसू. मी सुईन शे. मना हातवर आमना गावना दोनशे लेकरं जलमनात. कोनी बाई मना शबुद मोडाव नही.”

जुने सभासद म्हणाले, “आणि हे प्रोफेसर काय म्हणतात?”

कुसाबाईंनीच मजकडे वळून विचारले, “काय म्हनस तो? बाईना भाऊ ना तो?”

मी आपल्या चार ओळी वाचल्या. त्या लक्ष देऊन ऐकून कुसाबाई म्हणाल्या, “चोवीस घंटा बराबर शे. पानी शिळं का पुजानं?”

ठराव तेरा विरुद्ध आठ असा मंजूर झाला. हबीबशेठांनी हात वर केला. बावीस भिंती, बावीस रहाट, बावीस कुंडे. एक अट बोर्डाने स्वतःहून घातली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कुसाबाईंची साक्ष झालेले करंजओहोळ सोडून प्रत्येक गावी काम सुरू करण्यापूर्वी विद्यापीठाकडील संशोधकाने व बोर्डाच्या अधिकाऱ्याने एकत्र जाऊन तेथील पाणी भरणाऱ्या स्त्रियांची बैठक घ्यावी आणि तिघांच्या सहीचे अगर अंगठ्याचे टिपण ठेवावे. संशोधक म्हणून आपले नाव घातले आहे. आपली संमती न घेता घातले. परत धाडावयाचे असल्यास योग्य मार्गाने धाडावे.

आपला,
नरहर


नाशिक, ता. ३ मार्च १९३८

मोरेश्वरराव,

हे पत्र तुमच्या हाती पडेल त्याच्या आदल्या दिवशीच तुम्हांला माझी तार मिळालेली असेल. ती पाहून तुमचे मन चरकले असेल, तर क्षमा करा. कोणी आजारी नाही.

निसार मिस्त्रींनी करंजओहोळचे कुंड पुरे केले. चौथी पायरी रुंद आहे. उतार असा की ओतलेले पाणी पाहता पाहता कांद्याच्या वाफ्यात जाते. कुसाबाईंची नातसून पौषाच्या अखेरीस बाळंत झाली. सोमवारी तिला सव्वा महिना होतो. कुसाबाईंचा निरोप असा की, पहिली पूजा तिची आणि त्या वेळी ‘बाईना भाऊ’ तिथे पाहिजे. ‘आनि तुम्हीबी या’, असे मागाहून.

निरोप काल दुपारी आला. कार्ड टाकले असते तरी तुम्हांला वेळेवर मिळाले असते. मी कोट चढविला आणि टांगा करून नाशिक रोडला गेलो. स्टेशनावरील तारमास्तर मला ओळखतात. फॉर्म हातात घेऊन ते हळू आवाजात म्हणाले, “रावसाहेब, कोण गेलं?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “एक बाळंतीण पाणी पुजायला जाणार आहे.”

त्यांनी फॉर्म वाचला, मजकडे पाहिले, पुन्हा फॉर्म वाचला. “याला कार्ड चाललं असतं की.”

मी म्हणालो, “नाही. चाललं नव्हतं.”

रविवारी संध्याकाळच्या गाडीला मी फलाटावर उभा असेन. नमुन्यांच्या बाटल्या आणा, डझनभर तरी. मुक्कामाला घरीच चला. सोमवारी सातची मोटार आहे. कुसाबाईंनी तुमच्याजवळ मलमलीचे काय काय विचारायचे ते ठरवून ठेवले आहे. त्यांना आणखी पंधरा घरांसाठी चौकोन हवे आहेत आणि कोणत्या विणीचे कापड किती बारीक गाळते हे त्या माझ्याकडून ऐकून घ्यायला तयार नाहीत. हबीबशेठांनी एक ठाण पाठविले आहे. ते तुम्ही भिंगाखाली पाहून सांगा.

तिच्या हातचा चौकोन मी पेटीतच ठेवला आहे. तुम्ही आल्यावर दोघे मिळून तो कुंडावर कळशीला बांधू. आपल्या बनूला तेवढे आवडले असते.

तुमचा,
नरहर